मोजणीबाईंचे बारा वाफे

मोजणीबाईंचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, आणि तिथेच राहिलं. बंदरावर, मासळीच्या ओट्यांवर, हॉटेलांच्या मागच्या दारांशी त्यांना सगळे मोजणीबाईच म्हणत. बावीस वर्षं त्या समुद्राखालचे प्रवाळ मोजत होत्या, आणि बावीस वर्षांत "काय बाई, आज किती भरले?" या विनोदाने एक दिवसही रजा घेतली नव्हती. पहिली दोन वर्षं त्या हसल्या. मग त्यांनी नुसती मान हलवायला सुरुवात केली. हल्ली तेही करत नसत.

त्याआधी त्या शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवत. प्रवाळ संरक्षण कार्यालयाने जाहिरात दिली की पोहता येणारी आणि अक्षर चांगलं असणारी व्यक्ती हवी. बंदरावर पोहणारे पुष्कळ होते, पण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चांगलं अक्षर असणारे पाण्याला भीत. दोन्हीकडे टिकलेल्या एकट्या बाईच. 'निरीक्षक, तृतीय श्रेणी' म्हणून लागल्या आणि बावन्नाव्या वर्षीही तृतीय श्रेणीतच होत्या. मधल्या काळात चार साहेब आले, बढती घेऊन गेले. जाताना प्रत्येकाने निरोपसमारंभात "या कार्यालयाचा कणा" असं बाईंना म्हटलं. कण्याची श्रेणी मात्र कोणी बदलली नाही.

काम सांगायला सोपं होतं. पाण्यात उतरायचं, ठरलेल्या जागी दोरी अंथरायची आणि दोरीखाली येणाऱ्या प्रत्येक प्रवाळाजवळ एक प्लास्टिकचं कार्ड धरायचं. कार्डावर गडद तपकिरीपासून पांढऱ्यापर्यंत सहा छटा. कुठली छटा जुळते ते पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायचं. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो जीव आहे. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. तेच त्याला रंग देतं आणि तेच अन्न शिजवून घालतं. पाणी फार तापलं की प्रवाळ त्या भाडेकरूला घराबाहेर काढतो. मग उरतो पांढराफटक सांगाडा आणि त्यावर काचेसारखी जिवंत कातडी. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परत येतो. नाही निवलं तर घरमालक उपाशी मरतो. बाई हे सगळं शाळेतल्या मुलांना पाच मिनिटांत समजावून सांगत. समितीला मात्र ते बावीस वर्षांत समजलं नव्हतं.

त्या वर्षी पाणी वेळेआधीच तापलं. एरवी कडक उन्हाळ्यातही पाण्याची मजल एकोणतीस अंशांपर्यंत. बाईंनी खडकाला बांधलेलं तापमापक काढून पाहिलं तर तीस अंश आणि वर चार दशांश. त्यांनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. तिघांचं एकमत. असं पाणी चार आठवडे राहिलं की प्रवाळ पांढरे पडतात, आठ आठवडे राहिलं की मरतात, हे कार्यालयाच्याच आराखड्यात लिहिलेलं होतं. तो आराखडा चौसष्ट पानांचा, गुळगुळीत मुखपृष्ठाचा, सहा वर्षांपूर्वी मोठ्या थाटात छापलेला. त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार टप्पे होते. नारिंगी टप्प्यात काय करायचं तेही स्पष्ट होतं. तीन जागा पर्यटकांसाठी बंद करायच्या. हॉटेलांनी सांडपाणी समुद्रात सोडणं थांबवायचं. आणि रोपवाटिका खोल पाण्यात उतरवायची.

रोपवाटिका म्हणजे बाईंचा जीव. पाइपांच्या चौकटींना दोऱ्या ताणून त्यांवर प्रवाळाचे बोटभर तुकडे बांधायचे, वर्ष-दोन वर्षं वाढवायचे आणि मग उघड्या पडलेल्या खडकांवर नेऊन लावायचे. अशा बारा चौकटी, ज्यांना त्या वाफे म्हणत, पाण्याखाली चार मीटरवर तरंगत होत्या. प्रत्येकीवर दीड-दोनशे तुकडे. नेमक्या याच चार मीटरवर पाणी सर्वांत जास्त तापलं होतं. खाली चौदा मीटरवर ते दीड अंश थंड होतं. बाईंनी स्वतः मोजलं होतं.

म्हणजे करायचं काय ते ठाऊक, कसं करायचं ते ठाऊक, कशासाठी तेही ठाऊक. राहिली होती फक्त समितीची मंजुरी.

समितीत नऊ सभासद. पाच जण आले तर सभा भरते. पहिल्या सभेला चार आले. त्यांनी चहा घेतला, पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार केली आणि गेले. दुसऱ्या सभेला पाच आले. बाईंनी तापमानाचा तक्ता भिंतीवर लावला. हॉटेलवाल्यांच्या प्रतिनिधीने तो नीट पाहिला आणि विचारलं, "सूचनेत नेमका शब्द कोणता वापरणार?"

"कसला शब्द?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे 'प्रवाळ पांढरे पडत आहेत' असं लिहिणार का? त्याने लोक घाबरतात. 'तात्पुरता रंगबदल' म्हटलं तर?"

"रंग बदलत नाहीये. रंग जातोय."

"तेच ते. 'हंगामी फिकटपणा' कसं वाटतं?"

सव्वा तास या एका शब्दावर गेला. साहेबांनी दोन्ही बाजू टिपून घेतल्या. हे साहेब तसे सज्जन, पण त्यांना होडी लागायची. धक्क्याच्या पुढे ते कधी गेले नव्हते. समुद्राचा सगळा कारभार दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून चाले. उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार, फक्त इथे उंटही वातानुकूलित होता. शेवटी साहेब म्हणाले, "पुढच्या सभेत शब्द ठरवू, मग मंजुरी घेऊ." आणि पुढच्या सभेच्या आधी साहेब प्रशिक्षणाला गेले. प्रशिक्षणाचा विषय होता, आणीबाणीच्या प्रसंगी जलद निर्णय कसे घ्यावेत.

बाईंनी प्रशिक्षणाचं पत्रक वाचलं, त्याची घडी घातली आणि ते खणात ठेवून दिलं. त्यांना हसूही आलं नाही.

बोटवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष समितीवर होता, आणि तो दोन्ही सभांना आला नव्हता. तो बाईंचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या तीन काचतळी होड्या होत्या. तळाला जाड काच बसवलेली, लोक बाकांवर बसून खालचे प्रवाळ आणि मासे बघत. बाई दुपारी त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो धक्क्यावर पालथी घातलेली होडी खरवडत बसला होता.

"दादा, तू सभेला का येत नाहीस?"

"आलो तर हात वर करावा लागेल," तो मान वर न करता म्हणाला. "तुझ्या बाजूने केला तर माझे बोटवाले मला खातील. विरुद्ध केला तर तू."

"तीन जागा बंद ठेवायच्या आहेत. फक्त तीन. आधीच अर्धमेल्या झालेल्या जीवाला वरून नांगर नको, पायांचा धक्का नको, लोकांनी उन्हासाठी अंगाला फासलेलं मलम नको."

"किती दिवस?"

"पाणी निवेपर्यंत. सहा-आठ आठवडे."

"आणि तोपर्यंत सगळं परत तपकिरी होईल?"

बाईंनी धक्क्याखालच्या पाण्याकडे पाहिलं.

"हमी दे," भाऊ म्हणाला. "मी उद्या बंद करतो."

"हमी नाही देता येत."

"मग माझ्या पोटावर पाय कशाच्या जोरावर देतेस?"

"न दिला तर काय होईल त्याची हमी देते. चालेल?"

त्याने पत्रा जोरात खरवडायला सुरुवात केली. लहानपणापासून वाद संपवायची त्याची हीच रीत होती, हातातल्या वस्तूचा आवाज वाढवायचा. बाई उठून आल्या.

घरी त्यांनी तो सगळा राग नवऱ्यावर काढला. नवरा फ्रीज आणि कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायचा. घराच्या मागचं अंगण म्हणजे मेलेल्या यंत्रांची धर्मशाळाच. बाईंनी तिथे उभं राहून साहेब, समिती, शब्द, दादा, सगळ्यांचा उद्धार केला. नवरा एका यंत्राचं पोट उघडून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंजुरी मिळाली असती, तर उद्या उतरवले असतेस का वाफे?"

"म्हणजे काय!"

"कशाने? तुझे दोन पाणबुडे कुठायत?"

ते मात्र खरं होतं. कार्यालयाचे दोन्ही कंत्राटी पाणबुडे गेल्या महिन्यात घरी बसले होते, कारण त्यांच्या मुदतवाढीचं पत्र कुठल्यातरी टेबलावर भिजत पडलं होतं. कार्यालयाची बोट इंजिन उघडून धक्क्यावर होती. आणि वाफे खाली खेचायला वजनं हवीत, ती खरेदी करायला तीन ठिकाणची दरपत्रकं लागत. बाईंनी कपाळाला हात लावला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे अजून नकटीचाच पत्ता नव्हता.

"एकेक वजन किती किलोचं हवं?" नवऱ्याने विचारलं.

"वीस-पंचवीस किलो. चार कोपऱ्यांना चार."

त्याने पान्याने अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे काँक्रीटचे ठोकळे रचलेले होते. धुण्याचं यंत्र फिरताना उड्या मारू नये म्हणून त्याच्या पोटात असा ठोकळा बसवलेला असतो. यंत्र भंगारात जातं, पण ठोकळा भंगारवालाही घेत नाही. नवऱ्याकडे ते पन्नासच्या वर साठले होते. बाई आठ वर्षं त्यांच्यावरून कटकट करत होत्या.

"टाकून दे, टाकून दे म्हणत होतीस ना," नवरा म्हणाला. "मग टाकू. समुद्रात."

बाईंनी एक ठोकळा उचलून पाहिला. तेवीस किलो भरला. त्यांच्या मनातून समिती तेव्हाच उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कासवकाकांकडे गेल्या. काका निवृत्त पाणबुडे, अडुसष्ट वर्षांचे. पाण्याखाली सगळ्यांत संथ आणि वर यायला सगळ्यांत शेवटचे, म्हणून हे नाव. काकू दारातच म्हणाल्या, "डॉक्टरांनी त्यांना बंदी केलीय."

"जिने चढायला बंदी केलीय," आतून काका म्हणाले. "पाण्याचं काही बोलले नाहीत. आणि पाण्यात मी खाली जाणारे."

पण म्हणून बाईंनी त्यांना तसंच उतरवलं नाही. आधी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या हातचा कागद घेतला. त्यांना तेवढाच एक कागद एका दिवसात मिळाला.

उरली होडी. बाईंना भावाकडे परत जावं लागलं, आणि ते त्यांना सगळ्यांत जड गेलं. त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"दोन दिवस होडी हवीय. तू म्हणशील तितके पैसे देईन. जागा बंद करण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

"कार्यालयाचा हुकूम आहे?"

"नाही."

"म्हणजे चोरून?"

"दिवसाढवळ्या. सगळ्यांसमोर."

भावाने बराच वेळ डोकं खाजवलं. "होडी देत नाही," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याच्या हातात माझं सुकाणू द्यायला मला वेड लागलेलं नाही. मी येतो."

तर असे चौघे निघाले. पोहता न येणारा नवरा, अंगात दोन जाकिटं घालून. सुकाणूवर भाऊ, तोंड फुगवून. काका आणि बाई पाठीवर हवेच्या टाक्या चढवून. आणि बाकांवर, जिथे एरवी पर्यटक बसत, तिथे ओळीने बसवलेले काँक्रीटचे ठोकळे.

पहिला वाफा बिघडला. एका कोपऱ्याची गाठ सुटली, चौकट तिरकी झाली आणि बाईंच्या डोळ्यांदेखत गिरक्या घेत तळावर जाऊन आपटली. दीडशे तुकड्यांतले शे-सव्वाशे मोडले. पाण्याखाली माणसाला शिवी देता येत नाही. बाईंनी दिली, तोंडातल्या नळीतच, आणि काकांना ती बरोबर समजली. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वाफ्याकडे बोट केलं. मग त्यांनी पद्धत बदलली. आधी वाफा ज्याला टांगलेला होता त्या वरच्या तरंगत्या डब्याला चौदा मीटर दोर पक्का बांधायचा, मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना एकाच वेळी वजन लावायचं, आणि दोघांनी दोन बाजूंनी चौकट धरून जिना उतरावा तसं खाली जायचं. दुसरा वाफा नीट उतरला. तिसराही.

मधल्या विश्रांतीत बाई काठाला धरून वर आल्या तेव्हा भाऊ गुडघ्यांवर बसून काचेतून खाली बघत होता. होडी वाहत वाहत त्याच्याच नेहमीच्या जागेवर आली होती. खालचा उतार पांढरा दिसत होता. एखाददुसरा प्रवाळ नव्हे, सगळा उतार, चुन्याची गोणी फुटावी तसा.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

"तीन आठवडे झाले. तू रोज इथूनच जातोस."

"मी खाली कुठे बघतो," तो म्हणाला. "मी लोकांकडे बघत असतो. कोण उभं राहतंय, कोण वाकतंय." त्याने काचेवर पडलेलं पाणी हाताने पुसलं. "काल एक बाई म्हणत होती, किती सुंदर पांढरं आहे. मी म्हटलं, हो."

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण वचन दिलं होतं एक अक्षर न बोलायचं. त्यांनी टाकी बदलली आणि परत खाली गेल्या.

दोन दिवसांत अकरा वाफे चौदा मीटरवर गेले. तिसऱ्या दिवशी भावाने आपल्या त्या उताराकडे जाणं थांबवलं. एकच जागा, तीन नव्हेत. बाकीच्या दोन जागांवर त्याच्या होड्या जातच राहिल्या, आणि बाईंनी विचारल्यावर म्हणाला, "एक बंद केली ना? बोट दिलं की हात धरू नकोस." बोटवाल्यांपैकी आणखी दोघांनी त्याचं बघून ती जागा सोडली. उरलेल्यांनी गर्दी कमी झाली म्हणून तिथे फेऱ्या वाढवल्या. हॉटेलांचं सांडपाणी तर ठरल्या वेळी, ठरल्या नळांतून येत राहिलं. त्या एका बाबतीत त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी होती.

साहेब प्रशिक्षणाहून परत आले आणि बाईंना बोलावणं आलं.

"मॅडम, तुम्ही मंजुरीशिवाय वाफे हलवलेत?"

"हो सर."

"खाजगी होडीतून? निवृत्त माणसाला घेऊन? आणि ती वजनं, ती कुठून घेतलीत?"

"घरून."

साहेबांनी चष्मा काढला. "मला तुमचा हेतू कळतो. पण पद्धत नावाची एक गोष्ट असते."

"सर, पद्धत वाचूनच केलंय. आराखड्याचं पान एकतीस."

"पान एकतीसच्या आधी पान बारा आहे. मंजुरीचं."

"पाणी पान बारासाठी थांबलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढवायचंही त्राण उरलं नव्हतं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलाकडे, आणि कारणे दाखवा नोटीस त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी तिथेच बसून, त्या प्रसिद्ध सुवाच्य अक्षरात, उत्तर लिहून दिलं. दोन ओळींचं.

नारिंगी टप्प्याची मंजुरी पाच आठवड्यांनी आली. तोवर दोन वादळं येऊन गेली होती आणि पाणी निवायला लागलं होतं. पत्रात लिहिलं होतं, रोपवाटिका तातडीने खोल पाण्यात उतरवावी. वरातीमागून आलेलं ते घोडं बाईंनी आवक नोंदवहीत बांधून ठेवलं आणि उत्तर पाठवलं की वाफे आता वर आणायची वेळ झाली आहे, त्यासाठी वेगळी मंजुरी लागेल का ते कळवावं. त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग खरी मोजणी झाली. बाईंनी ती सलग अठरा दिवस केली, आणि त्या दिवसांत घरी कोणाशी धड बोलल्या नाहीत. दर दहा प्रवाळांतले सात पांढरे पडले होते. त्या सातांतले तीन सावरले. चार मेले आणि त्यांच्यावर हिरवट-करड्या शेवाळाची लव चढली. भावाने सोडलेल्या उतारावर थोडे जास्त वाचले होते, पण ते होड्या न गेल्यामुळे की तिथे प्रवाह बरा म्हणून, हे बाईंना छातीठोक सांगता येईना, आणि खोटं सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एक जुना, घुमटासारखा प्रवाळ होता. पहिल्या वर्षी त्यांनी त्याचा घेर मोजला तेव्हा दोन्ही हातांत मावला नव्हता. तो एका बाजूने मेला, एका बाजूने जिवंत राहिला. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. बाईंनी मेलेल्या आणि जिवंत, दोन्ही रकान्यांत अर्धी अर्धी खूण केली. समासात लिहिलं, "जिवंत आहे." मुख्य कार्यालयाने तो तक्ता चुकीचा भरला म्हणून परत पाठवला.

खाली उतरवलेल्या अकरा वाफ्यांपैकी नऊ धडधाकट राहिले. उरलेल्या दोनांवर रोग पडला. वार्षिक अहवालात या नऊ वाफ्यांचं रंगीत छायाचित्र आलं, खाली ओळ होती, "कार्यालयाच्या त्वरित कारवाईचं यश." आणि त्याच आठवड्यात बाईंच्या सेवापुस्तिकेत ताकीद चढली. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. नवऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, "पेनसुद्धा एकच आहे." बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले आणि भाजी चिरायला घेतली.

पुढच्या हंगामात तुकडे खडकांवर लावायची वेळ आली. कोणत्या जागी लावायचे, यावर भावाचं म्हणणं ठरलेलं होतं.

"माझ्या मार्गावर लाव. होडी मी दिली होती."

"उत्तरेच्या उतारावर लावणारे," बाई म्हणाल्या. "तिथे खालून गार पाणी येतं. परत असं वर्ष आलं तर तिथलेच तगतील."

"परत येईल?"

"येईल."

"तिथे माझी एकही होडी जात नाही."

"म्हणून तर."

भाऊ दोन दिवस बोलला नाही. बाईंनी काकांना घेऊन उत्तरेच्या उतारावर काम सुरू केलं. खडक घासायचा, चिमूटभर सिमेंट लावायचं, त्यात तुकडा रोवायचा. दिवसाला साठ, फार तर सत्तर. अशा हजारावर तुकड्यांना महिना जाणार होता. तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या तर दहा हातांवर काचतळी होडी उभी. नांगर टाकलेला नव्हता, भाऊ वल्ह्याने ती एका जागी धरून ठेवत होता, आणि बाकांवर बसलेल्या माणसांना सांगत होता की खालून आत्ता वर आली ती माझी धाकटी बहीण, जपून बघा, धक्का लागला तर ती मला सोडणार नाही.

आता त्याची रोजची एक फेरी तिकडे जाते. वळसा लांबचा आहे, इंधन जास्त लागतं, आणि याला जबाबदार कोण, हे तो बहिणीला भेटेल तेव्हा ऐकवतो.